उपचार म्हणून विकला जाणारा पूर्वजन्म

नवरा हात उगारतो, हे सांगायला एक बाई संमोहनातून पूर्वजन्म दाखवणाऱ्याकडे जाते. दोन तासांनी ती बाहेर येते तेव्हा तिला उत्तर मिळालेलं असतं: तीनशे वर्षांपूर्वी ती सावकार होती आणि हा नवरा म्हणजे तिच्या दारात उपाशी मेलेलं कूळ. आता फेड चालू आहे. फेड पुरी झाली की मारही थांबेल, तोवर रोज रात्री डोळे मिटून त्याची क्षमा मागायची. इंदूरच्या मराठी वस्त्यांत, रामबागेपासून सुदामा नगरापर्यंत, अशा हकिगती आता हळदीकुंकवात आणि भिशीत सहज ऐकू येतात. सांगणाऱ्या बायका शिकलेल्या असतात, नोकरी करणाऱ्या असतात. त्या फी भरून आलेल्या असतात आणि ऐकलेल्यावर त्यांचा विश्वास बसलेला असतो.

पुनर्जन्म मानावा की नाही, यावर मला इथे वाद घालायचा नाही. मी तो मानणाऱ्या घरात वाढले, आमच्याकडे पितृपक्ष पाळला जातो आणि पुढेही पाळला जाईल. माझं म्हणणं एवढंच आहे की पूर्वजन्म हा उपचार म्हणून विकायला परवानगी नसावी. आज होत असलेल्या अन्यायाला मागच्या जन्माचं कारण जोडलं की अन्याय करणारा सुटतो आणि सोसणारी आरोपी ठरते. नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईसाठी २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा आहे, सरकारचं ‘वन स्टॉप सेंटर’ हे मदतकेंद्र आहे. तिथे जाण्याआधीच तिला कोणी सांगितलं की तूच मूळची अपराधी आहेस, तर ती जाईल कशाला?

हे सत्र चालतं कसं, ते पाहण्यासारखं आहे. मंद उजेड, हळू संगीत. श्वास सोडा, दहापासून उलटे आकडे मोजा, जिना उतरा, समोर दार दिसेल. मग विचारतात, ‘पायांकडे बघा, पायांत काय आहे?’ काही दिसत नाही म्हटलं तर ‘जे पहिल्यांदा मनात येईल ते सांगा.’ कोणी वहाणा म्हणतं, कोणी अनवाणी आहे म्हणतं. अनवाणी म्हटलं की पुढचा प्रश्न शेताचा येतो, वहाणा म्हटलं की वाड्याचा. मान दुखत असेल तर फास दिसतो, पाण्याची भीती असेल तर बुडणं दिसतं. सांगणारी व्यक्ती खोटं बोलत नसते. तिला ते खरंच दिसतं, रडूही खरंच येतं. मात्र डोळ्यांसमोर स्पष्ट दिसलं आणि रडू आलं, म्हणून ते घडलेलं होतं असं ठरत नाही.

कॅनडातल्या कार्लटन विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ निकोलस स्पॅनोस यांनी हेच तपासून पाहिलं. त्यांचे प्रयोग १९९१ मध्ये प्रसिद्ध झाले. संमोहनाआधी काही जणांना सांगून ठेवलं होतं की जुन्या काळी मुलांना फार वाईट वागवत; त्यांनी आपल्या ‘मागच्या जन्मात’ बालपणीचे छळ जास्त सांगितले. हे जन्म खरे असतात असं ज्यांना आधी सांगितलं, त्यांचा त्यांवर जास्त विश्वास बसला. जे पेरलं तेच उगवलं. १९९५ मध्ये अमेरिकेत एलिझाबेथ लॉफ्टस यांनी तर संमोहनाशिवायच दाखवून दिलं की लहानपणी बाजारात हरवल्याची कधीच न घडलेली आठवण चोवीसपैकी साधारण पाव लोकांच्या मनात, पूर्ण किंवा अर्धवट, रुजवता येते. आणि संमोहनात सांगितलेल्या आठवणींत कल्पनेची भर पडते, शिवाय माणसाची खात्री मात्र वाढते, हा इशारा अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या अहवालाने १९८५ मध्येच दिला होता.

आपल्याकडे याची पडताळणी करायला प्रयोगशाळाही लागत नाही. इंदुरात संमोहनातून उठलेली माणसं बहुतेक होळकरशाहीत जाऊन आलेली असतात: पानिपतावर पडलेला शिलेदार, राजवाड्यातली अहिल्याबाईंची दासी. पण अहिल्याबाईंनी कारभार हाती घेतल्यावर राजधानी महेश्वरला नेली. इंदूर राजधानी झालं ते १८१८ मध्ये, मंदसोरच्या तहानंतर. आज आपण पाहतो तो राजवाडाही १८०१ मध्ये शिंद्यांच्या सर्जेराव घाटग्यांनी शहर लुटून जाळल्यानंतर पुन्हा उभा राहिलेला आहे. आणि पानिपतावर पडलेल्या कोणा शिलेदाराच्या तोंडून ‘सतराशे एकसष्ट’ हे साल आलं, तर ते शाळेतल्या पुस्तकातलं समजावं. त्या माणसाच्या जगात शालिवाहन शक होता, कागदोपत्री सुहूर सन होता. इसवी सनाशी त्याचा संबंध येण्याचं काही कारणच नव्हतं.

पुनर्जन्माचा गंभीरपणे अभ्यास करणारे लोक होऊन गेले, त्यांचा इथे मान राखला पाहिजे. व्हर्जिनिया विद्यापीठातले मानसोपचारतज्ज्ञ इयन स्टीव्हनसन यांनी जगभरातून अडीच हजारांच्या घरात प्रकरणं गोळा केली. त्यात भारतातली पुष्कळ होती, आपल्या मध्य प्रदेशातलीही. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेतल्या सतवंत पसरीचा त्यांच्याबरोबर गावोगाव फिरल्या. नागपुरात १९७४ च्या सुमारास एक उच्चशिक्षित मराठी बाई अचानक जुन्या वळणाचं बंगाली बोलू लागली, स्वतःला शारदा म्हणवू लागली. त्या प्रकरणात या मंडळींनी ती सांगत होती त्या घराण्याची वंशावळ शोधली, आणि तिने आधी थोडं बंगाली वाचायला शिकलं होतं, हेही लपवलं नाही. त्यांच्या निष्कर्षांवर मतभेद आहेत, असू देत. पण याच स्टीव्हनसनना संमोहनातून काढलेल्या पूर्वजन्मांवर भरवसा नव्हता; त्यातले जवळजवळ सगळे काल्पनिक असतात, असं त्यांचं मत होतं. त्यांचा भर आपणहून बोलणाऱ्या दोन ते पाच वर्षांच्या मुलांवर होता, आणि ही मुलंही सात-आठ वर्षांची होईतो बहुधा सगळं विसरून जातात.

हे विसरणं आपल्या परंपरेने कधी रोग मानलं नाही. गीतेच्या चौथ्या अध्यायात श्रीकृष्ण अर्जुनाला सांगतो, माझे आणि तुझे अनेक जन्म होऊन गेले. ते सगळे मी जाणतो, तू जाणत नाहीस. यावर अर्जुन ‘मग माझे मला दाखव’ असा हट्ट धरत नाही आणि श्रीकृष्णही दाखवायला बसत नाही. समोर कुरुक्षेत्र असतं आणि बोलणं त्याचंच चालू राहतं. पतंजलींनी संस्कारांच्या साक्षात्काराने पूर्वजन्माचं ज्ञान होतं असं म्हटलं आहे खरं. पण ते योगसूत्रांतल्या सिद्धींच्या प्रकरणात, विभूतिपादात, आणि त्याच पादात या सिद्धी समाधीला विघ्न आहेत हेही बजावलं आहे. यमनियमांपासून धारणा-ध्यान-समाधीपर्यंत चढलेल्या योग्यालाही ज्यात गुंतू नको म्हणून सांगितलं, ते आज शनिवार-रविवारच्या शिबिरात फी घेऊन दिलं जातं. ज्यांना हा धर्माचा भाग वाटतो, त्यांनी तरी धर्मग्रंथ काय म्हणतात ते वाचावं.

‘जन्मोजन्मीची गाठ’ या कल्पनेबद्दल मला जास्त बोलायचं आहे, कारण तिचा भार बायकांच्या माथी येतो. इंदुरात आम्ही मराठी बायका ज्येष्ठ पौर्णिमेला वडाला सूत गुंडाळतो. शेजारच्या माळवी घरांत ते व्रत पंधरा दिवस आधी, अमावास्येला होऊन गेलेलं असतं. दोन्हींकडे कथा सावित्रीचीच. महाभारताच्या वनपर्वातली ही सावित्री यमाकडे काय मागते? सासऱ्याची दृष्टी, त्याचं राज्य, वडिलांना मुलं, स्वतःला मुलं आणि सत्यवानाचं आयुष्य. सगळं याच जन्मातलं. पुढच्या सात जन्मांचं नावही ती काढत नाही. यमाच्या मागे चालत, त्याला बोलण्यात हरवून ती या जन्मातली वर्षं परत मिळवते. वडाभोवती फिरताना मला ती आठवते ती या हुशारीसाठी.

आणि साठेक मैलांवर, महेश्वरच्या नर्मदाकाठी, आमच्याच राज्यकर्त्यांच्या घरात घडलेली गोष्ट आहे. १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात खंडेराव होळकर पडले. अहिल्याबाई सती जायला निघाल्या, मल्हाररावांनी त्यांना अडवलं. मला तुझा आधार हवा आहे, असं सांगून म्हाताऱ्या सासऱ्याने पदर पसरला आणि त्या राहिल्या. पुढे त्यांनी काय केलं ते काशीपासून गयेच्या विष्णुपदापर्यंत उभं आहे. १७९१ मध्ये जावई यशवंतराव फणसे गेले. नातू नथ्याबा त्याआधीच गेला होता. मुलगी मुक्ताबाई सती जायला निघाली आणि या वेळी विनवण्या करायची पाळी अहिल्याबाईंची होती. तिने ऐकलं नाही. कंपनी सरकारचे अधिकारी जॉन माल्कम यांनी ही हकिगत माळव्यातल्या लोकांकडून ऐकून लिहून ठेवली. मुक्ताबाईचं आईला दिलेलं उत्तर त्यात आहे. तू म्हातारी झालीस, थोड्या वर्षांत जाशील. माझं एकुलतं मूल गेलं, नवरा गेला. तू गेल्यावर जगणं मला सोसणार नाही, आणि मानाने मरण्याची वेळ तोवर टळून गेलेली असेल.

या उत्तरात जन्मोजन्मीच्या साथीचा एक शब्दही नाही. त्यात एकटेपण आहे, आणि विधवेला पुढे मानाने जगता येणार नाही याची खात्री आहे. दुःख पूर्णपणे त्या दिवसाचं, त्या घराचं होतं. समाजाजवळ मात्र देण्यासारखा एकच मार्ग तयार होता आणि त्याला पतीबरोबर परलोकी जाण्याचं पुण्य जोडलेलं होतं. चिता जळताना दोन ब्राह्मणांनी अहिल्याबाईंना धरून ठेवलं होतं, असं माल्कम लिहितात. त्यानंतर तीन दिवस त्यांनी जवळजवळ काहीच अन्न घेतलं नाही. आज कोणी चितेवर पाठवत नाही, हे मला कळतं. पण बाईचं आजचं दुःख न ऐकता तिच्या हातात जन्मांतरीचं उत्तर ठेवायचं, ही रीत तीच आहे.

असं उत्तर हातात ठेवण्याची दुसरी जागा पुत्रशोकाची. तरुण मुलगा अपघातात गेलेल्या आईबापांना सांगितलं जातं की तो परत येतो आहे, धाकट्या सुनेच्या पोटी. बाळाला बघून ‘आजोबाच आले हो’ असं आपण घराघरांत म्हणतो. त्यात माया असते आणि दोन दिवसांत ते विसरून बाळ बाळ होतं. पण पैसे देऊन मिळवलेल्या खात्रीचं तसं होत नाही. त्या मुलाने गेलेल्या काकासारखं चित्र काढायचं, त्याच्यासारखं हसायचं, त्याच्या खोलीत झोपायचं. वेगळं वागलं तर आजीचे डोळे भरून येतात. मेलेल्या माणसाची जागा भरायला जन्मलेल्या मुलाला स्वतःचं आयुष्य कधी मिळणार? आणि त्या आईबापांचा शोकही पुरा होत नाही, कारण मुलगा गेला हे मान्य करायची वेळच त्यांच्यावर येऊ दिलेली नसते.

शोक माणसाला काय काय खरं मानायला लावतो, हे पानिपतानंतर मराठ्यांनी पाहिलं आहे. सदाशिवरावभाऊ परत आले, असं म्हणत एक तोतया उभा राहिला आणि शहाण्यासुरत्या माणसांनी त्याला भाऊ मानलं. त्यांच्या पत्नी पार्वतीबाईंनी तर भाऊ गेले हे शेवटपर्यंत मानलं नाही. पण पुण्याच्या दरबाराने त्या माणसाची चौकशी केली, ओळखणाऱ्यांच्या साक्षी घेतल्या. तो पुढे पुन्हा उठला तेव्हा १७७६ मध्ये त्याला देहदंड झाला. त्या शिक्षेची भलामण मी करणार नाही. मला एवढंच दिसतं की ‘मी तोच’ म्हणणाऱ्याला पुरावा विचारण्याची पद्धत आपल्याला अडीचशे वर्षांपूर्वी ठाऊक होती.

तरीही लोक या सत्रांना का जातात, याचं उत्तर मला माहीत आहे आणि ते आपल्याला लाज आणणारं आहे. तिथे त्यांचं ऐकून घेतलं जातं. दोन तास कोणी मध्ये बोलत नाही, घड्याळ बघत नाही. एम.वाय. रुग्णालयाच्या किंवा बाणगंगेच्या मानसिक चिकित्सालयाच्या बाह्यरुग्ण रांगेत हे शक्य नाही, डॉक्टर कितीही चांगला असला तरी. निम्हान्सने २०१५-१६ मध्ये मध्य प्रदेशासह बारा राज्यांत केलेल्या सर्वेक्षणात अठरा वर्षांवरच्या दहा टक्क्यांहून अधिक लोकांना कोणता ना कोणता मानसिक विकार असल्याचं आढळलं, आणि त्यातल्या बहुतेकांना उपचार मिळत नव्हते. त्यातून ‘मनाच्या डॉक्टरकडे’ जाणं अजून आपल्या घरांत लपवलं जातं. पूर्वजन्म बघायला जाणं मात्र मिरवलं जातं. सत्रानंतर कोणाला हलकं वाटत असेल तर ते मी नाकारत नाही. मन मोकळं झालं, शरीर सैल पडलं, कोणीतरी आपलं मानलं, म्हणून बरं वाटतं. तेवढं फाशी गेलेल्या शिलेदाराशिवायही मिळतं. पाण्याची भीती असलेल्या माणसाला जाणकार मानसशास्त्रज्ञ हळूहळू, पायरीपायरीने पाण्याजवळ नेतो आणि भीती जाते. ती कोणत्या जन्मातून आली हे न विचारता. तातडीने बोलायचं असेल तर सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, बिनपैशाची आहे. आमच्या ओळखीत हा क्रमांक फार थोड्यांना ठाऊक आहे.

आता पूर्वजांचं. पूर्वजन्माच्या जोडीला ‘वंशातल्या जखमा भरून काढण्याची’ शिबिरंही आली आहेत. १९४४-४५ च्या डच दुष्काळात गर्भात असलेल्या मुलांवर झालेल्या परिणामांचा दाखला देऊन तिथे सांगतात की पणजोबांचं दुःख तुमच्या पेशींत साठलं आहे. त्या अभ्यासातून एवढं मोठं विधान निघत नाही. पण या शिबिरांमागची भूक खरी आहे, आणि इंदूरच्या मराठी माणसाची तर फारच खरी आहे. होळकरांच्या फौजेबरोबर, मागाहून संस्थानी नोकरीला, शाळामास्तरकीला आलेली ही घरं. आडनाव एका गावाचं नाव सांगतं, ते गाव तीन पिढ्यांत कोणी पाहिलेलं नसतं. कुलदैवत जेजुरीला, तुळजापूरला, नाही तर आंबेजोगाईला. मुलं घरात हिंदीत भांडतात. ‘आपण मूळचे कुठले?’ हा प्रश्न अशा घरात बोचत राहतो. संमोहनात त्याचं उत्तर लगेच मिळतं, आणि ते बहुधा रणांगणाचं किंवा दरबाराचं असतं. जात्यावर आयुष्य काढून गेलेली पणजी कोणाच्या सत्रात येत नाही, आणि खरी पूर्वज तर तीच आहे.

तिचा शोध घेता येतो. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत कोण केव्हा आलं, बरोबर कोण होतं, गाव कोणतं, याच्या पिढ्यान् पिढ्यांच्या नोंदी आहेत. जुन्या मोडीत आहेत. कितीतरी घरांत माळ्यावरच्या पेटीत मोडीतली खतं आणि पत्रं पडून आहेत, आणि वाचणारं माणूस घरात नाही. श्राद्धात आपण तीन पिढ्या नावागोत्राने घेतो, त्यापलीकडच्यांची नावं विचारत नाही. महालयात तर गुरू, शिष्य, आप्त आणि ज्यांचं कोणी नाही त्यांनाही पिंड असतो. ज्याचं नाव माहीत नाही त्याच्यासाठी गोष्ट रचायची गरज या विधीला पडली नाही. पितृदोषाची भीती घालून त्याच विधीचे हजारो रुपये उकळणारे माझ्या मते या शिबिरवाल्यांपेक्षा फार वेगळे नाहीत.

कायद्याचं म्हणाल तर, महाराष्ट्राचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा इथे लागू नाही. १९५४ चा जादुई उपचारांच्या जाहिरातींविरुद्धचा केंद्रीय कायदा ताईत, मंत्र, कवच यांबद्दल बोलतो. संमोहनाचं सत्र त्याच्या कचाट्यात सहज सापडणारं नाही. पण मानसिक आरोग्याचा २०१७ चा कायदा मानसिक आरोग्याचे व्यावसायिक कोण हे नेमकं सांगतो आणि त्यांच्या नोंदणीचं काम राज्य प्राधिकरणाकडे देतो. मागणी त्याच्याच आधारे करता येईल. दुखण्यावर इलाज म्हणून फी घेऊन संमोहन करणाऱ्याची नोंदणी असलीच पाहिजे आणि ती दारावर लावलेली असली पाहिजे. नोंदणी नसेल तर ‘थेरपी’, ‘उपचार’, ‘हीलिंग’ हे शब्द पाटीवर आणि पत्रकात नकोत. अठरा वर्षांखालच्या कोणालाही अशा सत्रात बसवू नये. आणि चालू असलेली मानसोपचाराची गोळी बंद करायला सांगणाऱ्यावर सरळ गुन्हा दाखल व्हावा. गोळ्या अचानक सोडल्याने माणसाचा जीव जाऊ शकतो.

सरकार हे केव्हा करेल ते करो, आपल्या हातातलं काम त्याहून लवकर होईल. इंदुरात मराठी मंडळांची सभागृहं आहेत आणि ही शिबिरं पुष्कळदा तिथेच, ‘मानसिक स्वास्थ्य’ या मथळ्याखाली भरतात. मंडळाच्या नावामुळे लोकांना भरवसा वाटतो. नोंदणीचा कागद दाखवल्याशिवाय अशा कार्यक्रमाला सभागृह द्यायचं नाही, आणि मोकळ्या झालेल्या रविवारी मोडीचा वर्ग भरवायचा, असा ठराव ज्यांना पटत असेल त्या सभासदांनी आपापल्या मंडळाच्या येत्या वार्षिक सभेत मांडावा. माझ्या मंडळात मी तो मांडणार आहे.